कोऱ्या चकतीचं वजन

९ फेब्रुवारी २००४, सोमवार. धोंडपाडा

पोचले एकदाची, आणि मन अगदी प्रसन्न आहे. नाशिकहून सकाळी सातला जीप निघाली, घाट चढून पेठ गाठलं, पुढे तासभर लाल धुळीचा रस्ता आणि मग हे पठार. चारी बाजूंना डोंगर, मध्ये आमचं केंद्र: दोन खोल्या, एक गच्ची आणि गच्चीवर हवा ओढणारं यंत्र. शेजारच्या क्वार्टरमध्ये माझी खाट, स्टोव्ह, पाण्याचा हंडा. शहरातले लोक असल्या जागी यायला रजा टाकतात. मला इथे अडीच महिने पगारी राहायचं आहे. संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून बसले. बऱ्याच दिवसांनी गुणगुणले.

रोजनिशी लिहायचं कारण एवढंच, की कामाच्या रजिस्टरात मतं लिहिता येत नाहीत आणि मला मतं फार आहेत.

हे केंद्र १९९१ पासून हवेतली धूळ गोळा करतं. तिच्यात माती किती, धूर किती, समुद्राकडून आलेलं मीठ किती, हे शोधणं हे काम. गेल्या काही महिन्यांतल्या नोंदी संशयास्पद आहेत. मुख्य कार्यालयातले साहेब लोक चार महिने उंटावरून शेळ्या हाकत बसले, एकमेकांना पत्रं लिहिली आणि शेवटी मला पाठवलं. एप्रिलअखेर मी सांगायचं, की इथल्या नोंदी ठेवायच्या की फेकायच्या. तीन वर्षांत मी दोन केंद्रं बंद केली. पाठीमागे मला ‘कात्री’ म्हणतात हे मला माहीत आहे. मला ते आवडतं.

इथला निरीक्षक सावळीराम. इथलाच, पाड्यावरचा, पन्नाशीचा. दहावी पास, ९५ पासून नोकरीत. अंगावर भर उन्हात स्वेटर, आणि आत माणूस आहे की हँगर हे कळत नाही. त्याची बायको भागीबाई केंद्राची झाडलोट करते. साखर किती, हे न विचारता तिने चहा आणून ठेवला. सावळीराम सारखा ‘आपलं केंद्र’ म्हणत होता. आपलं म्हणे.

११ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवस सावळीरामच्या मागे उभं राहून काम बघितलं. काम सोपं आहे, म्हणूनच लोक त्यात पाट्या टाकतात. पेढ्याएवढी गोल पांढरी चकती आधी तोलायची, डबीतून गच्चीवर न्यायची, यंत्रात बसवायची. यंत्र चोवीस तास हवा ओढतं, धूळ चकतीवर बसते. मग खाली आणून पुन्हा तोलायची. वाढलेलं वजन म्हणजे धूळ. पुढे ती नाशिकच्या आमच्या रसायनशाळेत जाते आणि ती धूळ कशाची आहे ते सुनील सांगतो. सुनील माझा सहा वर्षांपासूनचा सहकारी. फार बोलतो, पण फोनवर ‘जेवलात का’ विचारणारा ऑफिसात तो एकटाच.

काटा मायक्रोग्रॅममध्ये तोलतो. म्हणजे एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक. असल्या काट्यासमोर खोकणाऱ्या माणसाला मी माणसात धरत नाही. सावळीराम खोकतो. तोंड फिरवून खोकतो, पण खोकतो.

आता मुद्द्याचं. दर सोमवारी एक चकती कोरी न्यायची. तिच्या बाबतीत सगळं तसंच करायचं, फक्त यंत्र सुरू करायचं नाही. बसवायची, काढायची, खाली आणायची, एक दिवस ठेवून मंगळवारी तोलायची. तिच्यातून हवा गेलेलीच नाही, तेव्हा ती गेली तशी परत यायला हवी. दहा मायक्रोग्रॅमपर्यंत आम्ही माफ करतो. त्याहून जास्त भरलं तर ते हवेतलं नाही. नेणाऱ्याचा घाम, नेणाऱ्याची विडी, नेणाऱ्याची बेफिकिरी. प्रशिक्षणात मी फळ्यावर पहिलं वाक्य हेच लिहिते: कोरीवर जे येतं ते नेणाऱ्याचं.

सावळीरामच्या कोऱ्या पहिली सहा-सात वर्षं एक, शून्य, दोन अशा. मग चार, सात. गेल्या दिवाळीनंतर बावीस, पस्तीस, एकावन्न. परवाची एकोणऐंशी. सुनीलचा अहवाल सांगतो, की ही राख आहे. आधी पानापाचोळ्याची, मग लाकडाची, आणि गेल्या दोन महिन्यांत तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट एवढं, की सुनीलने समासात पेन्सिलीने लिहिलंय, ‘हाड?’ अहवालात प्रश्नचिन्ह. शास्त्रज्ञ म्हणे.

या दिवसांत इथे राब भाजतात. भात-नागलीची रोपं टाकायच्या जागेवर पाला, फांद्या, शेणखत पसरून पेटवतात. सगळे डोंगर धुरकटलेले असतात. तेव्हा हवेत राख असणारच. पण कोरीवर नाही. अर्थ उघड आहे: हा माणूस डबी घरी नेऊन चुलीशेजारी ठेवतो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सरळ विचारलं. नेत नाही म्हणाला. आवाज चढवला नाही, शपथ घेतली नाही. कपाटातून कार्बन कॉपी काढल्या. मुख्य कार्यालयाला पाठवलेली पाच पत्रं, पाचहीत तीच ओळ: ‘कोरी चकती नेणारा माणूस बदलून पाहावा व फरक पडतो का तपासावे.’ अक्षर सुरेख. एकाही पत्राला उत्तर नाही.

चाचणी म्हणून सूचना बरोबर होती, हे मला मान्य करावं लागतं. माझ्या साहेबांना ती पाच पत्रांत सुचली नाही. पण चोरही कधीकधी कुलूप चांगलं ओळखतो, त्यामुळे मी प्रभावित वगैरे झाले नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

काल कोरीच्या वेळी मी सावळीरामच्या दोन पावलं मागे होते. नवे हातमोजे, नवी डबी, माझी सही असलेलं सील. जिन्यात तो एकदा थांबला, कठडा धरला, दम घेतला. बाकी काही नाही.

आज वजन चौऱ्याऐंशी.

म्हणजे तो मला वाटला त्यापेक्षा हुशार आहे. कसं करतो ते सापडलं नाही, पण करतो हे नक्की. डोळ्यांत तेल घालून बघूनही सापडली नाही अशी लबाडी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहतेय, आणि ती एका दहावी पासाने करावी याचा राग येतो.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

लोखंडी कपाटात तळाशी जुनं रजिस्टर मिळालं. सावळीरामच्या आधीचा निरीक्षक खंडेराव, ९१ ते ९५. त्याचाही कोरीचा रकाना असाच चढत गेलाय. शेवटची नोंद १२ जून १९९५, एकशे चाळीस. पुढची पानं रिकामी.

सावळीरामला विचारलं. म्हणाला, खंडेराव त्याच आठवड्यात गेला. ताप नाही, साप नाही. बसल्या जागी. उचलायला चौघं गेले होते, पण दोघांनीच आणला, इतका हलका झाला होता. ‘येकशे चाळीसला भरलं त्याचं,’ असं म्हणाला, जसं काही पोतं भरलं. ‘मग माझ्या कोऱ्या पुन्हा शून्यापासून सुरू झाल्या,’ असंही म्हणाला.

९५ सालचा काटा जुनाट होता. त्याच्या आकड्यांवर मी भाजीसुद्धा विकत घेणार नाही. आणि माणसं मरतात. एवढ्यावरून गोष्टी रचायला या लोकांना वेळ आहे, यंत्राची जाळी धुवायला नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

कोरी: अठ्ठ्याऐंशी. फॅक्सने अहवाल पाठवला, संध्याकाळी उत्तर आलं. पाच पत्रांना चार महिने मूग गिळून बसलेले लोक मला तीन तासांत उत्तर देतात, कारण मी कुणालातरी काढून टाका म्हटलं. २८ पासून सावळीराम मुक्त. मुक्त हा सरकारी शब्द आहे, माझा नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

आज ताबा घेतला. सावळीरामने चाव्या, कपाटं, यंत्राची तेलाची बाटलीसुद्धा यादीप्रमाणे दिली. मी म्हटलं, कोरी चकत्यांचा ताबा वेगळ्या कागदावर हवा, सगळ्या जुन्या आकड्यांसकट. उद्या कुणी म्हणायला नको, की बाईंनी आकडे लपवले.

तेव्हा तो पहिल्यांदा हट्टाला पेटला. नोकरी जाऊ द्या म्हणाला, पगारही नको. ‘म्याडम, कोरी तेवढी मलाच नेऊ द्या. माझं भरत आलंय. तुमी नव्यानं कशाला घेता?’ हे त्याने तीन वेळा सांगितलं. कागदावर माझी सही नको, आकड्यांखाली तर नकोच. तुम्हाला पोरबाळ व्हायचंय अजून, असंही म्हणाला. मला. माझ्या खाजगी आयुष्यावर, पाड्यावरच्या माणसाने.

मी मजकूर स्वतः सांगितला आणि त्याच्याच सुरेख अक्षरात लिहून घेतला: ‘वरील सर्व आकडे खरे आहेत व त्यांसह कोरी चकती वाहण्याची जबाबदारी मी स्वीकारली आहे.’ आधी मी सही केली, मग त्याने. सही करताना त्याचे डोळे भरले. भागीबाई दारात उभी होती, ती मात्र माझ्याकडे बघत होती, त्याच्याकडे नाही.

गेला. केंद्र कसं स्वच्छ वाटतंय.

२ मार्च, मंगळवार

कालची कोरी मी नेली. नवी डबी, नवे हातमोजे, नव्या पाकिटातली चकती. वाटेत श्वाससुद्धा रोखून धरला. आज तोलली.

एक्याण्णव.

काटा पुन्हा शून्यावर आणला. प्रमाणित वजन ठेवून तपासला, बिनचूक. पुन्हा तोलली. एक्याण्णव.

त्याच्या शेवटच्या आकड्याला लागून पुढचा. पण हा योगायोग आहे. चकत्यांचा गठ्ठाच खराब असेल. रजिस्टरमध्ये ‘अमान्य’ असा शेरा मारून आडवी रेघ ओढली, चकती सुनीलकडे पाठवली.

७ मार्च, रविवार

काल होळी झाली. पाड्यावरच्या होळीचा आवाज इथपर्यंत आला. भागीबाईने नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं आणून दिलं. नवऱ्याला जिने घरी बसवलं तिला ही भाकरी देते, म्हणजे हिला एकतर स्वाभिमान नाही किंवा माझी कीव येते. दुसरं मला जास्त झोंबतं. सावळीराम नाशिकजवळ द्राक्षांच्या खुड्यावर गेलाय म्हणाली. खोकला थांबलाय, दोन भाकरी जातात आता.

भाकरी चांगली असावी. मला चव लागली नाही. तोंडात सगळं भुरभुरीत लागतंय.

९ मार्च, मंगळवार

सत्त्याण्णव.

सुनीलचा फोन आला. माझी एक्याण्णववाली कोरी म्हणजे सावळीरामच्या चकतीची कार्बन कॉपी आहे म्हणाला, तीच राख, तेच फॉस्फेट. हसत होता. म्हणाला, मॅडम, तुम्ही चुलीशेजारी झोपता काय? मी म्हटलं, डबी जुनी होती, बदलली आहे. त्याने लगेच मानलं. मी सांगितलं की लोक मानतात, हे माझं भांडवल आहे.

फोन ठेवला आणि एक गोष्ट केली. रजिस्टरमध्ये सत्त्याण्णवच्या जागी दोन लिहिलं. सुनीलला पाठवायच्या पाकिटात, त्या नंबरखाली, न नेलेली ताजी चकती घातली. खरी मोरीत जाळली.

नोकरीच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा. फक्त कारण सापडेपर्यंत. शून्य लिहिलं नाही, कारण शून्य बघून माझ्यासारख्या माणसाला संशय येतो.

१६ मार्च, मंगळवार

पद्धतशीर चाचणी घेतली. काल एकाच पाकिटातल्या दोन चकत्या, एकसारख्या डब्या. एक मी नेली, एक भागीबाईने. तिने हातमोजे घातले नव्हते, नुकतंच सारवण करून आली होती, डबी पदरात धरली होती. सगळे नियम मोडून.

तिची: शून्य. माझी: एकशे चार.

काटा चांगला, चकत्या चांगल्या, डब्या चांगल्या, जागा चांगली. एकेक गोष्ट बाजूला काढत गेलं की शेवटी जी उरते ती चूक. हे मीच शिकवते. आता मी उरलेय.

सावळीरामने हीच चाचणी पाच पत्रांत मागितली होती.

१७ मार्च, बुधवार

भागीबाईला विचारलं, कोरी नेताना तू घाबरली नाहीस का. झाडता झाडता म्हणाली, ‘माजं काय नाय येनार. तुमी घेतलंय ना, सही करून.’ मग झाडू थांबवून, लहान मुलाला समजावतात तसं म्हणाली: ‘तुमी रोज आमच्या डोंगराचा वारा तोलता. मंग डोंगरानं तुमच्यातल्या येकाला तोललं, त काय झालं?’

मी तिला म्हटलं, बडबड बंद कर आणि जाळी धू. तिने जाळी धुतली. मला हसायचं होतं. डोंगर तोलतो म्हणे. हातमोजे घालून तोलतो का, ते विचारायचं राहिलं.

तिने हे सांगितलं, नवऱ्याच्या जिवाचं सांगत होती, तरी आवाजात राग नव्हता. ओझं एका खांद्यावरून दुसऱ्यावर गेलं, एवढीच गोष्ट होती तिच्या लेखी.

२३ मार्च, मंगळवार

एकशे पंधरा. रजिस्टरमध्ये तीन.

गच्चीचा जिना अठरा पायऱ्यांचा. आज दोनदा थांबले. कठडा धरून, खोकत.

२५ मार्च, गुरुवार

हातमोजे काढले की आतून राखाडी पूड पडते. नखांतून नाही, घामाची नाही. कातडी कोरडी पडते आणि — तोलली. तोलायला नको होती. चिमूटभर होती, काट्याच्या मर्यादेपलीकडची. सुनीलकडे पाठवायची गरज नाही. मला रंगावरून कळतं.

ब्लाऊज सगळे सैल झालेत. पाण्याचा हंडा भागीबाई भरून आणून ठेवते, न सांगता.

काल पेठला डॉक्टरकडे जाऊन आले. रक्त कमी आहे म्हणाला, लोहाच्या गोळ्या दिल्या. गाढव.

३० मार्च, मंगळवार

एकशे सत्तावीस. चढ वाढतोय — सहा, सात, अकरा, बारा. आलेख काढला. आलेख सुंदर आला, एकही बिंदू रेघेबाहेर नाही. मी आयुष्यात इतक्या स्वच्छ नोंदी पाहिल्या नाहीत. कुणाला दाखवताही येत नाहीत.

पुढच्या सोमवारी एकशे चाळीस होतात. त्याच्या पुढे खंडेरावची रिकामी पानं.

भागीबाईला म्हटलं, सावळीरामला बोलाव, नोकरी परत देते, मी चुकले असं लिहून देते. तिने मान हलवली. तो आता चार भाकरी खातो म्हणाली. गाडी चालली की टपावर बसून गाणं म्हणतो. तिचे पाय धरायचेच काय ते बाकी राहिले होते. धरले असते, तर तिने मला उठवून चहा दिला असता, आणि तरी नाही म्हणाली असती.

मग ताबा दुसऱ्या कुणाला. मला घेता आला, तसा देता येईल.

१ एप्रिल, गुरुवार

सुनीलला फोन केला. महिनाभर केंद्र सांभाळशील का? केंद्र आता एकदम सुधारलंय, कोऱ्या बघ, दोन, एक, तीन. खूश झाला. म्हणाला, तुम्ही काय जादू केली. म्हणाला, मुलीला सुट्ट्या लागल्या की तिलाही आणतो, डोंगर बघेल. मग विचारलं, जेवलात का मॅडम. आवाज बसलाय तुमचा.

जेवले म्हटलं.

मूर्ख आहे. इतका विश्वास ठेवणारा माणूस रसायनशाळेत घेतलाच कसा?

हे लिहिलं आणि पान तसंच ठेवलं. खोडणार नाही. मीच कशी आहे, ते दिसू दे.

५ एप्रिल, सोमवार

सुनील आला. अकराच्या जीपने. माझ्यासाठी सायखेड्याची द्राक्षं. मला बघून थबकला, मग खुर्ची पुढे सरकवली.

ताब्याचा कागद तयार होता. तोच मजकूर — वरील सर्व आकडे खरे आहेत — आणि वर माझे खोटे. सावळीरामचे अठ्ठ्याऐंशीपर्यंतचे मीच घेतलेत, ते इथे कशाला. ‘अमान्य’, दोन, एक, तीन, दोन. त्याने वाचला नाही. मॅडमनी लिहिलं म्हणजे बरोबरच असणार, म्हणाला. सही केली. जिना धावत चढला, कोरी नेली, आणली. शीळ वाजवत.

दुपारी झोपले. खूप दिवसांनी खोकले नाही. सुटले. बाकी कशाचा विचार करणार नाही आज.

६ एप्रिल, मंगळवार. सकाळी दहा

सुनीलची कोरी तोलली.

शून्य.

पुन्हा. शून्य —

माझ्या हातातला मोजा काढला, रिकाम्या काट्यावर थोडी पूड सांडली. आकडा वाढत जातो. थांबत नाही. फुंकर मारली, तरी आकडा चढतोच. मी लांब सरले, काटा बंद — सुरू केला — पुन्हा.

त्याच्याकडे काहीच गेलं नाही. का गेलं नाही ते कळलं. मी त्याला दोन, एक, तीन दिले. तेवढेच गेले असतील. जे लिहिलं नाही ते दिलंच नाही. सावळीरामने एकेक मायक्रोग्रॅम खरा लिहिला होता. नऊ वर्षं. म्हणून त्याचं सगळं माझ्याकडे आलं, आणि मी त्याला लबाड —

साडेदहा

नवा कागद केला. खरे आकडे. एक्याण्णव, सत्त्याण्णव, एकशे चार, एकशे पंधरा, एकशे सत्तावीस. अक्षर वेडंवाकडं. खाली तोच मजकूर, माझी सही. त्याची सही झाली, की —

मला कळतं मी काय करतेय. लहान मुलीचा बाप आहे. कळतं. किळस येते. तरी हाक मारली.

हाक निघाली नाही. घशात पूड. टेबलावर हात आपटला, तर तो आला.

पावणेअकरा

समोर बसलाय. काल एक राहिली होती का सही, म्हणतो. हसतो. कागद घेतलाय. वाचत नाहीये. आधी पाणी प्या मॅडम म्हणतो, पेला माझ्या तोंडाला लावतो, स्वतःच्या हाताने — पाणी आत जात नाही —

खिशात पेन शोधतोय.

सावळीरामने मला तीनदा सांगितलं. त्याला मरायचं होतं असं नाही. तरी सांगितलं.

बोलता येत नाही. लिहिता येतंय अजून. पानावर पूड बसतेय, झटकते, पुन्हा बसते. ही वहीच त्याच्या पुढे —

टोपण काढलं त्याने.

सुनील, सही करू नकोस. आधी कागद वाच. आकडे बघ. कोरी पुन्हा नेऊ नकोस, नव्या माणसालाही नेऊ देऊ नकोस, भागीबाईला विचार. दोन, एक, तीन मी खोटं लिहिलं. तुला पाठवलेल्या चकत्या कधी गच्चीवर गेल्याच नव्हत्या. सावळीराम खरा होता, तू समासात लिहिलंस ते खरं होतं, सगळ्यांनी मला खरं सांगितलं आणि मी तुला